दिसलेली जाडी आणि सिद्ध झालेला आजार : ‘आयसीडी-१०-सीएम’चे एका नोंदीपुरते परीक्षण

अमेरिकेतील रुग्णालये आणि दवाखाने १ ऑक्टोबर २०१५ पासून निदानाच्या नोंदीसाठी आयसीडी-१०-सीएम हा कोडसंच वापरतात. ७० हजारांहून अधिक कोड असलेल्या या संचाचे सरसकट परीक्षण मला करता येणार नाही, आणि कोणी तसे केले तर ते मी फारसे मनावर घेणारही नाही. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत मात्र नीट निवडावे लागते. मी निवडलेली नोंद आहे गर्भाशयाच्या आतील अस्तराची, म्हणजे एंडोमेट्रियमची, वाढलेली जाडी. स्त्रीरोग विभागातील बाह्यरुग्णांच्या चार्टचे कोडिंग, म्हणजे चार्ट वाचून निदानांना कोड लावणे, आणि पुढे त्याच कोडिंगचे ऑडिट अशी दोन्ही कामे मी केली आहेत. नवखा कोडर ज्या नोंदीवर हमखास अडखळतो आणि मुरलेला कोडर जिथे सवयीने चुकतो, अशी ही नोंद आहे.

आधी वस्तुस्थिती सांगितली पाहिजे, कारण कोडची बरी-वाईट बाजू तिच्यावरूनच ठरते. सोनोग्राफीच्या अहवालातील ‘एंडोमेट्रियल थिकनेस’ हे केवळ मिलिमीटरमधले एक माप असते. पाळी चालू असलेल्या स्त्रीमध्ये ते महिनाभर बदलत राहते. पाळीच्या दिवसांत ते २ ते ४ मिमी असते, तर पुढची पाळी येण्याआधीच्या स्रावी टप्प्यात १६ मिमीपर्यंतही जाऊ शकते, आणि त्यात वावगे काही नसते. रजोनिवृत्तीनंतर चित्र पालटते. तेव्हा पुन्हा रक्तस्राव होऊ लागला आणि योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत जाडी ४ मिमी किंवा त्याहून कमी आढळली, तर कर्करोग नसल्याची खात्री ९९ टक्क्यांहून अधिक असते, असे अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनेकॉलॉजिस्ट्स ही संस्था सांगते. जाडी त्याहून अधिक असेल तर पुढील तपासणी करावी लागते. मात्र रक्तस्राव नसताना, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ४ मिमीहून अधिक जाडी सहज दिसून आली, तर तेवढ्यावरून सरसकट बायोप्सी करावी असे हीच संस्था म्हणत नाही. म्हणजे जाड अस्तर हा आजार नसून ते एक निरीक्षण आहे. त्यामागे हायपरप्लेशिया (अस्तरातील पेशींची प्रमाणाबाहेर वाढ) असेल, पॉलिप (अस्तरातून बाहेर आलेला कोंब) असेल, स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेनसारख्या औषधाचा परिणाम असेल, कर्करोग असेल, किंवा काहीही नसेल. निरीक्षण आणि आजार यांतला हा फरक कोडसंचाला कळतो का, एवढाच माझा पहिला प्रश्न होता.

तो कळतो, आणि याबद्दल या संचाला पूर्ण गुण दिले पाहिजेत. इंडेक्समध्ये, म्हणजे पुस्तकातल्या शब्दसूचीत, ‘थिकनिंग’ या मुख्य शब्दाखाली ‘एंडोमेट्रियम’ पाहिले, की आर ९३.८९ हा कोड मिळतो. ‘हायपरप्लेशिया’ या शब्दाखाली ‘एंडोमेट्रियम’ पाहिले, तर आपण एन ८५.०० आणि त्याच्या भावंडांकडे जातो. पहिला कोड १८व्या प्रकरणातला, म्हणजे लक्षणे आणि अनिश्चित निष्कर्ष यांच्या प्रकरणातला. दुसरा १४व्या प्रकरणातला, म्हणजे मूत्र व जनन संस्थांच्या आजारांचा. दोन शब्द, दोन प्रकरणे, आणि मधली भिंत पक्की. आर ९० ते आर ९४ या गटाच्या शीर्षकातच ‘निदानाविना’ असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे तपासणीत काहीतरी वेगळे दिसले, पण ते काय आहे हे अजून कोणी सांगितलेले नाही. कोडपुस्तकाच्या कोरड्या भाषेत इतका प्रामाणिक शब्द क्वचितच सापडतो. शीर्षके कोणी वाचत नाही हे दुर्दैव. बहुतेक जण थेट कोडवर झेप घेतात.

इंडेक्स वापरण्याचा अनुभव मात्र नवख्याला सुखाचा नाही. अवयवाचे नाव शोधत गेले, तर ‘एंडोमेट्रियम’पुढे ‘कंडिशन पाहा’ एवढीच सूचना मिळते. ही पुस्तकाची रचनाच आहे: शोध अवयवावरून नव्हे, तर त्याला काय झाले आहे यावरून घ्यायचा. एकदा ही खूण पटली की काम वेगाने होते, पण ती पटेपर्यंत माणूस टॅब्युलर लिस्टमध्ये, म्हणजे कोडांच्या क्रमवार यादीत, एन ८५ उघडून तिथल्या तिथे जुळणारे काहीतरी उचलतो. असे उचललेले दोन चुकीचे कोड मला ऑडिटमध्ये वारंवार भेटले आहेत. एक एन ८५.२, जो संपूर्ण गर्भाशयच आकाराने वाढला असेल तर लावायचा असतो आणि ज्याचा अस्तराच्या जाडीशी संबंध नाही; दुसरा एन ८५.८, जो गर्भाशयाच्या इतर विशिष्ट, दाहविरहित विकारांसाठी आहे आणि ‘कुठेच बसत नाही तर इथे बसवू’ या वृत्तीने वापरला जातो. आधी इंडेक्स, मग टॅब्युलर लिस्टमध्ये पडताळणी, हा क्रम या संचाच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेला आहे, तो याचसाठी.

या सूचनांबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण या कोडसंचातला सर्वांत चांगला भाग तोच आहे असे माझे मत आहे. अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशन, अमेरिकन हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट असोसिएशन, सेंटर्स फॉर मेडिकेअर अँड मेडिकेड सर्व्हिसेस आणि नॅशनल सेंटर फॉर हेल्थ स्टॅटिस्टिक्स अशा चार संस्था मिळून त्या संमत करतात. बाह्यरुग्णांसाठीच्या चौथ्या विभागात स्वच्छ म्हटले आहे की ‘संभाव्य’, ‘संशयित’, ‘नाकारता येत नाही’, ‘शी सुसंगत’ अशा शब्दांनी लिहिलेले निदान कोड करायचे नाही; त्या भेटीत जेवढे निश्चित कळले तेवढेच, म्हणजे लक्षण, चिन्ह किंवा तपासणीतला निष्कर्ष, कोड करायचे. सोनोग्राफीच्या अहवालांत तर हेच शब्द पावलोपावली असतात. रेडिओलॉजिस्टला फक्त सावली दिसते, पेशी दिसत नाहीत, त्यामुळे त्याने जपून लिहिणे योग्यच आहे. प्रश्न असतो तो वाचणाऱ्याचा.

एका दवाखान्याचे ऑडिट करताना पाहिलेला चार्ट मला अजून आठवतो. पाळी चालू असलेल्या एका स्त्रीच्या अहवालात अस्तर १४ मिमी जाड असल्याचे आणि हायपरप्लेशियाची शक्यता नाकारता येत नसल्याचे लिहिले होते. कोडरने शेवटचा शब्द पकडला आणि एन ८५.०० लावला. पुढे बायोप्सी झाली, ऊतक स्रावी टप्प्यातले, सर्वसामान्य निघाले. परंतु तोवर तो कोड संगणकातल्या आजारांच्या कायम यादीत जाऊन बसला होता, आणि त्यानंतरच्या प्रत्येक भेटीच्या कागदावर ‘एंडोमेट्रियल हायपरप्लेशिया’ छापून येत होता. त्या स्त्रीला हा आजार कधीच झाला नव्हता. विम्याचा दावा मंजूर झाला होता, पैसेही मिळाले होते. म्हणून चूक कोणाच्या लक्षात आली नाही. कोडिंगमधल्या ज्या चुकांनी पैसे अडत नाहीत, त्या सर्वांत जास्त दिवस टिकतात.

येथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे, नाही तर वरचे वाचून कोणी आंतररुग्णांच्या चार्टवरही हाच नियम लावेल. तीव्र आजारांच्या रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या बाबतीत, डिस्चार्जच्या वेळीही डॉक्टरांनी निदान ‘संभाव्य’ म्हणून लिहिले असेल, तर ते असल्यासारखे कोड करण्याची मुभा सूचना देतात. त्याच पुस्तकात, त्याच शब्दाचे दोन अर्थ, रुग्ण खाटेवर आहे की खुर्चीवर यावरून ठरणारे. यामागचा तर्क मला समजतो, कारण दाखल रुग्णावर त्या संशयापोटी झालेला खर्च कुठेतरी दिसायला हवा. पण आकडेवारी जमवणाऱ्यांच्या दृष्टीने ही तडजोड बरी नाही असे मला वाटते.

आणखी एक मर्यादा कोडरने स्वतःवर घालून घ्यायची असते. अहवालात ‘एंडोमेट्रियम ९ मिमी’ एवढाच आकडा असेल आणि ‘जाड’ हा शब्द ना रेडिओलॉजिस्टने लिहिला असेल ना उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, तर आर ९३.८९ देखील लावता येत नाही. रुग्णेचे वय, पाळीची स्थिती, कोणती हार्मोन्स चालू आहेत, हे सगळे जोखून तो आकडा असामान्य ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे. कोडरने डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे विचारणा, पाठवावी आणि उत्तराची वाट पाहावी. ४ मिमीचा आकडा पाठ करून स्वतःच निकाल देणारे कोडर मी पाहिले आहेत. त्यांचा अभ्यास वाखाणण्याजोगा असतो, कोडिंग नसते.

आता एन ८५.० या उपगटाकडे. बायोप्सीचा अहवाल आला, पॅथॉलॉजिस्टने हायपरप्लेशिया सांगितला, की तीन कोड समोर असतात. एन ८५.०० म्हणजे प्रकार न सांगितलेला, एन ८५.०१ म्हणजे सौम्य, ज्यात पेशींची ठेवण बिघडलेली नाही, अर्थात अटिपिया नाही; आणि एन ८५.०२ म्हणजे एंडोमेट्रियल इंट्राएपिथेलियल निओप्लेशिया, ज्याला ईआयएन म्हणतात, म्हणजे कर्करोगपूर्व बदल, आणि अटिपिया असलेला हायपरप्लेशियाही याच कोडखाली येतो. ही विभागणी मला अतिशय समंजस वाटते. जुन्या पद्धतीत साधा आणि गुंतागुंतीचा, अटिपियासह आणि अटिपियाविना, असे चार प्रकार होते. १९८५ साली कुर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७० स्त्रियांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, त्यात उपचार न केल्यास कर्करोगाकडे जाण्याचे प्रमाण साध्या प्रकारात १ टक्का, गुंतागुंतीच्या प्रकारात ३ टक्के, अटिपियासह साध्या प्रकारात ८ टक्के आणि अटिपियासह गुंतागुंतीच्या प्रकारात २९ टक्के आढळले. ग्रंथींची रचना साधी की गुंतागुंतीची यापेक्षा अटिपिया आहे की नाही हे अधिक निर्णायक, हे या आकड्यांतून दिसते, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ च्या वर्गीकरणात चारांचे दोनच प्रकार केले. आयसीडी-१०-सीएमची रेघ नेमकी त्याच जागी ओढलेली आहे. साधा असो वा गुंतागुंतीचा, अटिपिया नसेल तर दोन्ही एन ८५.०१ मध्ये जातात. याआधीच्या आयसीडी-९-सीएममध्ये ६२१.३० ते ६२१.३५ असे सहा कोड होते आणि जुनी व नवी अशा दोन्ही पद्धती त्यांत शेजारी शेजारी नांदत होत्या. त्या गोंधळाच्या मानाने ही व्यवस्था कितीतरी नेटकी आहे.

तरीही दोन ठिकाणी पाय घसरतो. पॅथॉलॉजिस्टने ‘सिस्टिक’, ‘ग्लँड्युलर’ किंवा ‘अ‍ॅडिनोमेटस’ असे जुने विशेषण वापरले, तर इंडेक्स सगळ्यांना एकाच पंगतीला, एन ८५.०० मध्ये, बसवतो. ‘अ‍ॅडिनोमेटस’ हा शब्द पूर्वी बऱ्याचदा अधिक चिंतेच्या बदलांसाठी वापरला जात असे, ‘सिस्टिक’ त्या मानाने निरुपद्रवी बदलांसाठी. कोडमध्ये हा भेद उरत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे ‘निओप्लेशिया’ हा शब्द. तो वाचून कोडर थेट अर्बुदांच्या, म्हणजे गाठींच्या, दुसऱ्या प्रकरणात जातो आणि डी ०७.०, म्हणजे अस्तरातला जागच्या जागी असलेला कर्करोग, उचलून आणतो. ईआयएन तिथे नाही, तो एन ८५.०२ मध्येच आहे. ही चूक किरकोळ नाही: आजार नसताना रुग्णेच्या नावापुढे कर्करोगाची नोंद होते. अर्थात एन ८५.०२ हलक्यात घेण्यासारखा आहे असे मुळीच नाही. गायनेकॉलॉजिक ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बायोप्सीत अटिपियासह हायपरप्लेशिया सांगितलेल्या स्त्रियांचे गर्भाशय काढल्यावर ४२.६ टक्के जणींमध्ये कर्करोग आधीच असल्याचे आढळले होते. तसा कर्करोग सिद्ध झाला, की कोड सी ५४.१ होतो आणि एन ८५.०२ मागे पडतो. टॅब्युलर लिस्टमधली ‘एक्सक्लूड्स १’ ही टीप दोन्ही एकत्र लावू देत नाही.

पॉलिपबाबतही अशीच टीप आहे. अस्तरातल्या पॉलिपचा कोड एन ८४.०, आणि एन ८५ च्या माथ्यावरच तो वगळलेला आहे. उलट बाजूने एन ८४.० खाली पॉलिपसारखा दिसणारा हायपरप्लेशिया वगळून एन ८५.० कडे पाठवलेला आहे. नियम स्पष्ट आहे, पण पॅथॉलॉजीचा अहवाल ‘पॉलिप, त्यात अटिपियाविना हायपरप्लेशियाचे क्षेत्र’ असा आला की नियमाचे हे दोन दरवाजे एकमेकांकडे बोट दाखवत राहतात. अशा वेळी डॉक्टरांना विचारण्याखेरीज दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

आतापर्यंतचे कौतुक बरेच झाले. माझी खरी तक्रार आर ९३.८९ या कोडबद्दल आहे. या कोडचे नाव आहे ‘इतर विशिष्ट शरीररचनांच्या प्रतिमा-तपासणीतील असामान्य निष्कर्ष’. त्याच्या पोटात काय काय आहे ते पाहावे: त्वचा आणि त्वचेखालच्या ऊतकांतले असामान्य निष्कर्ष, छातीच्या मध्यभागाचे एका बाजूला सरकणे, आणि किरणोत्सर्गी समस्थानिकाने वारेची जागा शोधताना दिसलेली विसंगती. या मंडळींत गर्भाशयाचे जाड अस्तर राहते. घराघरांत माळ्यावर एक पेटी असते, जिच्यात काय आहे हे घरातल्या कोणालाच नेमके सांगता येत नाही. हा कोड तशी पेटी आहे. परिणाम असा, की केवळ या कोडवरून किती स्त्रियांमध्ये जाड अस्तर आढळले, त्यांपैकी कितींची बायोप्सी झाली, कितींमध्ये काही निघाले, हे मोजता येत नाही. कोडसंचाचा एक मोठा हेतू मोजणी हाच आहे, आणि येथे तोच फसतो.

हे असे का झाले, तेही मनोरंजक आहे. आयसीडी-९-सीएममध्ये ७९३.५ हा कोड मूत्र आणि जनन या दोन्ही संस्थांच्या अवयवांसाठी एकत्र होता. आयसीडी-१०-सीएममध्ये आर ९३.४ फक्त मूत्रसंस्थेच्या अवयवांना मिळाला आणि जननेंद्रिये बेघर होऊन ‘इतर’मध्ये आली. १ ऑक्टोबर २०१८ पर्यंत तो ‘इतर’ कोड आर ९३.८ असा एकसंध होता. त्या दिवशी त्याची फोड झाली: वृषणांसाठी आर ९३.८१ हा उपगट निघाला, त्यात उजवे, डावे, दोन्ही आणि बाजू न सांगितलेले असे चार कोड आले. उरलेल्या सर्वांसाठी आर ९३.८९ राहिला. वृषणांना उजवा-डावा मिळाला याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही, तो भेद गरजेचाच आहे. पण तेव्हा पुस्तक उघडलेच होते, सुई-दोरा हातात होता, मग अस्तरासाठी एक टाका घालायला काय हरकत होती, असे वाटल्यावाचून राहत नाही. पुढे १ ऑक्टोबर २०२२ रोजी सिझेरियनच्या व्रणात पडणाऱ्या खळग्यासाठी, इस्थमोसीलसाठी, एन ८५.ए हा स्वतंत्र कोड आला, म्हणजे गर्भाशयाच्या प्रकरणात नवी भर घालण्याला कोणाची ना नसते.

प्रत्यक्ष दाव्यांत या कोडला सोबत्यांची गरज पडते, आणि ते सोबती संचात चांगले उपलब्ध आहेत. रजोनिवृत्तीनंतरच्या रक्तस्रावासाठी रुग्णा आली असेल, तर एन ९५.० पहिला, कारण ती त्यासाठी आली. सोनोग्राफीत दिसलेली जाडी आर ९३.८९ म्हणून त्यानंतर. जाडी हे रक्तस्रावाचे निश्चित निदान नसल्यामुळे लक्षणाचा कोड गाळायचा नाही. बायोप्सीचा अहवाल कोडिंगच्या वेळी हाती असेल आणि त्यात हायपरप्लेशिया निश्चित असेल, तर मात्र एन ८५.० मधला योग्य कोड लावून हे दोन्ही मागे घ्यायचे. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर झेड ७९.८१०, रजोनिवृत्तीनंतरची हार्मोन्स चालू असतील तर झेड ७९.८९०. हे जोडकोड पुष्कळ जण विसरतात, आणि मग डॉक्टरांनी बायोप्सी का मागितली हे विमा कंपनीच्या परीक्षकाला कागदावरून कळत नाही.

साधनांबद्दल थोडेसे. नॅशनल सेंटर फॉर हेल्थ स्टॅटिस्टिक्सचे ऑनलाइन ब्राउझर टूल विनामूल्य आहे आणि त्यात इंडेक्स, टॅब्युलर लिस्ट व वगळण्याच्या टिपा शेजारी शेजारी पाहता येतात. या कामासाठी तेवढे पुरते. एका व्यावसायिक एन्कोडरमध्ये (कोड सुचवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘थिक एंडोमेट्रियम’ टाइप केल्यावर पहिल्या सुचवणीत मला हायपरप्लेशिया मिळाला होता. पुस्तकाने काळजीपूर्वक बांधलेली भिंत सॉफ्टवेअरने सोयीसाठी पाडलेली होती, आणि घाईत असलेला माणूस पहिली सुचवणीच टिचकवतो. छापील पुस्तक अजूनही जवळ ठेवावे असे मी म्हणते ते यामुळेच, फक्त ते चालू वर्षाचे असावे, कारण मुख्य बदल दरवर्षी १ ऑक्टोबरला लागू होतात.

एकूण गुण द्यायचे तर एन ८५.० ला मी पाचापैकी साडेचार देईन, मार्गदर्शक सूचनांना चार, इंडेक्सला साडेतीन, आणि आर ९३.८९ ला दोन, तेही केवळ त्याने निदानाचा आव आणला नाही म्हणून. नव्या कोडची मागणी कोणालाही करता येते. त्यासाठीची को-ऑर्डिनेशन अँड मेंटेनन्स समिती वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, भरते. अस्तरासाठीचा प्रस्ताव एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मांडला, तर त्यात माझ्या मते उजवे-डावे काही नको, दोनच कोड पुरेत: रजोनिवृत्तीपूर्वी आढळलेली जाडी आणि रजोनिवृत्तीनंतर आढळलेली जाडी.